‘पडलो नाई वो बाई, बसलो’ : मिल्ट्रीवाल्या आबाजींना सांभाळताना या चुका टाळा

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्याला लागून असलेल्या वृद्धाश्रमात मी चौदा वर्षं रात्रपाळी करते. इकडे पुलगावचा दारूगोळा डेपो, तिकडे कामठीची छावणी. या पट्ट्यातून फौजेत गेलेली माणसं भरपूर, त्यामुळे आमच्याकडे माजी सैनिक कायम असतात. कोणी महार रेजिमेंटमधले, कोणी १९७१ ला पूर्वेच्या सीमेवर लढलेले. लढाईतून धड परतलेले हे आबाजी पडतात कुठं, तर खाटेपासून संडासापर्यंतच्या बारा पावलांत. आणि दर वर्षी नवीन येणारे पोट्टे त्याच त्या चुका करतात. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून टाकते.

हात धरून ओढून उभं करणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. फौजी माणसाला जन्मभराची सवय असते, हाक आली की खाटेवरून थेट उभं राहायचं. बाविसाव्या वर्षी शरीर ते निभावून नेतं. पंचाहत्तरीत उभं राहिल्यावर रक्त पायाकडे उतरतं, बीपी खाली येतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. गंमत अशी की भोवळ बहुतेकदा खाटेपाशी येत नाही. दोन-चार पावलं गेल्यावर येते, जिथं धरायला काहीच नसतं.

एका मे महिन्याची गोष्ट. पहाटे साडेतीनची वेळ, लाईन गेलेली. जीडीएचा, म्हणजे रुग्णसेवा मदतनिसाचा, कोर्स करून आलेल्या नव्या पोट्ट्यानं एका सुभेदार आबाजींना “चला चला” म्हणत दंडाला धरून उठवलं. तिसऱ्या पावलाला ते कोसळले. खुबा मोडला. सकाळी रजिस्टरमध्ये पाहिलं तर पोट्ट्यानं लिहून ठेवलेलं, ‘कुलरचं पाणी सांडलं होतं, पाय घसरला.’ पाणी पुसलं होतं, कुलर सरकवला होता, त्याच्या लेखी विषय संपला. मला ते पटेना. लुंगी हातात घेऊन पाहिली, ठणठणीत कोरडी. म्हणजे आबाजी पाण्यापर्यंत पोचलेच नव्हते.

मग एकेक धागा निघाला. तालुक्याच्या डॉक्टरांनी आदल्याच दिवशी प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन सुरू केली होती, आणि ती गोळी बीपीही उतरवते. लघवी वाढवणारी गोळी सकाळची, पण सकाळी गडबड असते म्हणून कोणीतरी आपल्या सोयीनं ती संध्याकाळी सहाला ढकललेली. बाहेर पारा ४५ च्या वर, आणि रात्री उठावं लागू नये म्हणून आबाजींनी दुपारपासून पाणीच घेतलेलं नाही. वरून अंधार, वरून पोट्ट्याची घाई. पाच कारणं एकावर एक चढली होती आणि आम्ही फरशी पुसत बसलो होतो. खुबा मोडलेला माणूस पुढं किती महिने खाटेवर असतो ते ज्यानं पाहिलंय, तो ‘पाय घसरला’ हे दोन शब्द इतक्या सहज लिहीत नाही.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली. आधी पडल्या पडल्या पायाचे पंजे वीसेक वेळा वरखाली करायला लावते. मग उठून बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, आणि साठ आकडे. नुसते आकडे मोजायला आबाजी कंटाळतात, म्हणून मी त्यांना आपला नंबर, रँक, पलटण आणि जुन्या साथीदारांची नावं मोठ्यानं म्हणायला सांगते. नावं अडखळली किंवा आवाज बसला तर त्यांना उभं करत नाही. मग कशाला तरी धरून उभं राहायचं, थोडं थांबायचं, मग पाऊल. नवी पोरं म्हणतात, “ताई, सात जण आहेत, एकेकाला दोन दोन मिनिटं कुठून आणू?” ज्याला दोन मिनिटं जड होतात त्यानं किराणा दुकानात काम बघावं, असं मी तोंडावर सांगते.

बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं निजवून मोजा, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, वेळही बदलू नका. एक मात्र करा, सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून घेऊन जा. माजी सैनिकांच्या उपचारांसाठी २००३ मध्ये सुरू झालेली ईसीएचएस योजना आहे, तिच्या पॉलिक्लिनिकची एक चिठ्ठी. तालुक्याच्या डॉक्टरांची दुसरी. मुलगा नागपूरला घेऊन गेला तिथली तिसरी. बीपीची तीच गोळी दोन वेगळ्या नावांनी चालू असलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. आबाजींसाठी झोपेची गोळी आपणहून मागून घेणाऱ्या कर्मचाऱ्यांबद्दल मी इथं लिहीत नाही, शब्द वाईट जातील.

पडल्यावर रागावणं

एका हवालदार आबाजींना आंघोळ घालताना मावशीला पाठीवर हातभर काळानिळा डाग दिसला. मी विचारलं तर म्हणाले, “पडलो नाई वो बाई, बसलो.” खोदून विचारल्यावर कळलं, महिन्यात ही तिसरी वेळ. पहिल्यांदा पडले तेव्हा दिवसपाळीच्या बाईनं सगळ्यांसमोर झापलं होतं, “मिल्ट्रीवाले ना तुम्ही? मग एवढं समजत नाही?” शिवाय मुलाला फोन लावला, आणि एकट्यानं छपरीत जायचं बंद केलं. मग पुढच्या वेळी कोण सांगणार? बंदुकीच्या गोळीची जखम दाखवणारा माणूस संडासाच्या उंबऱ्याला अडखळलो हे सांगत नाही, तो मरेल पण सांगणार नाही.

आणि न सांगितलेलं पडणं हेच पुढच्या मोठ्या पडण्याची चिठ्ठी असते. कुठं, किती वाजता, काय धरलं होतं, पायात काय होतं, एवढं कळलं की निम्मं काम होतं. मी आता “पडलात काय?” असं विचारतच नाही. “आज तोल कुठं गेला, आबाजी?” असं विचारते. तोल जाणं फौजेतही चालतं बहुतेक, कारण उत्तर मिळतं. ते रजिस्टर आम्ही एका निवृत्त सुभेदारांच्याच हवाली केलं. गार्डरूमच्या डायरीसारखं ठेवतात. तारीख, वेळ, जागा, सही. त्यातूनच लक्षात आलं की आमचं निम्मं पडणं न्हाणीच्या दारात पसरलेल्या गोणपाटावर होत होतं. गोणपाट त्याच दिवशी चुलीत गेलं.

खाटेला कठडा लावणं किंवा बांधून ठेवणं

याला मी सरळ आळस म्हणते. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो, कठडा असला तर त्यावरून पाय टाकतो, आणि मग दीड फुटाऐवजी तीन फुटांवरून पडतो. महिनाभर निजवून ठेवलं तर मांड्यांतली ताकद जाते, मग खरंच उभं राहवत नाही. खाटेची उंची मात्र बघा. बसल्यावर तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. सुतळीच्या झोळ पडलेल्या बाजेतून चांगला तरुणही एका दमात उठत नाही.

कुलर

बाहेरच्यांना हे समजणार नाही, विदर्भात समजेल. मार्च संपत आला की कुलर लागतो आणि रस्त्यात वायर, पाइप, बादली, गळती सगळं येतं. कुलर खाटेच्या संडासाकडच्या बाजूला कधीच नको. वायर भिंतीच्या कडेनं न्या, पाणी भरणाऱ्यालाच फरशी पुसायला लावा. चकचकीत टाइल्सवर तर थेंबभर पाणी पुरतं. देणगीदाराला टाइल्स आवडतात म्हणून न्हाणीत बसवू नका, खरबरीत फरशी बरी. पाणी सकाळपासून थोडं थोडं पाजा, सगळं संध्याकाळी नको. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच.

बारीकसारीक, पण रोज दिसणारं:

झिजलेली रबरी स्लिपर फेका, टाचेला पट्टा असलेली चप्पल द्या.

काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. मूठ मनगटाच्या रेषेला यावी. खालचं रबर गुळगुळीत झालं की बदला, फार महाग नसतं ते.

दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पायरी धूसर दिसते, उतरताना मान खाली घालायला सांगा.

तोफखान्यातल्यांचे कान गेलेले असतात. मागून हाक मारली की गर्रकन वळतात आणि जातात. समोर येऊन बोला. झोपेतून उठवतानाही हलवू नका, लांबून नाव घ्या.

कॅन्टीनच्या कोट्यातली रम. मी बंद करायला गेले नाही, जमलंही नसतं. पण ती आणि झोपेची गोळी एका रात्री नाही, हे ठणकावून सांगितलं आहे.

लाईन जाणारच. टॉर्च उशीखाली नको, खाटेला दोरीनं बांधा.

‘व्यायाम’ हा शब्द वापरणं

व्यायाम म्हटलं की एकही आबाजी येत नाही. ‘परेड’ म्हटलं की सात वाजता छपरीत रांग. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा ऊठबस, खांबाला धरून टाचा उचलणं, एका पावलापुढं दुसरं पाऊल लावून दहा सेकंद उभं राहणं. ‘तेज चल’चा हुकूम मात्र देऊ नका, ते खरंच निघतात. महिन्यातून एकदा मी घड्याळ लावते: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर जाऊन परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले की त्या माणसावर माझी नजर वाढते.

पडलेल्याला झटकन उचलणं

चारजण धावत येतात आणि काखेत हात घालून उचलतात. थांबा. आधी जमिनीवरच बोला, कुठं दुखतं ते विचारा. एक पाय आखूड दिसत असेल आणि पंजा बाहेर वळला असेल तर खुबा समजा, हलवू नका. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आबाजी कितीही हसत असले तरी दवाखान्यात न्या. आतला रक्तस्राव काही दिवसांनीही वर येतो. काहीच लागलं नसेल तर कुशीवर वळवा, गुडघ्यांवर आणा, समोर खुर्ची ठेवा आणि त्यांचं त्यांना उठू द्या.

१०८ ला फोन लागल्यावर गोळ्यांची नावं आठवत बसायला वेळ नसतो. प्रत्येकाच्या खोलीच्या दारामागं एक कागद चिकटवून ठेवा: वय, आजार, चालू गोळ्या, ईसीएचएस कार्डाचा नंबर, मुलाचा फोन. पेनानं लिहा, पेन्सिल हात लागून पुसट होते.