साठीनंतर एकट्याने चालवायची शिडाची डिंगी कशी निवडावी

साठी ओलांडलेल्या माणसाने डिंगी विकत घेताना तिचा वेग किंवा नाव पाहण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: ही होडी भर पाण्यात उलटली, तर मी एकटा तिच्यात परत चढू शकेन का? मी नेरूळला राहतो, दर हिवाळ्यात मुंबई बंदराच्या पाण्यात शीड लावतो आणि आता सदुसष्ट वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी लेझर नावाची एक जुनी डिंगी घेण्याआधी मी ती कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम तीनदा उलटवली. डॅगरबोर्डवर, म्हणजे होडीच्या मध्यातून खाली पाण्यात जाणाऱ्या फळीवर, उभे राहिल्यावर होडी प्रत्येक वेळी सहज सरळ झाली, पण तिसऱ्या वेळी मात्र काठावरून अंग वर ओढण्याएवढी ताकद दंडांत उरली नव्हती. शेवटी पाय अडकवायच्या पट्ट्याला दोरी बांधली, तिच्या टोकाची सैल कडी पाण्यात सोडली आणि तिच्यात पाऊल रोवले, तेव्हा वर आलो. ती दोरी आजही होडीत कायम असते. हे सगळे खोल पाण्यात पहिल्यांदाच कळले असते, तर प्रसंग बाका होता.

आपल्याकडे परवडण्याजोगी आणि सुटे भाग मिळण्याजोगी एकट्याची डिंगी म्हणजे लेझर, जिला आता इल्का म्हणतात. लांबी सुमारे ४.२ मीटर, सांगाड्याचे, म्हणजे शीड-डोलकाठी वगळून उरलेल्या पोकळ होडीचे, वजन ५९ किलोच्या आसपास. हिची मोठी सोय अशी की त्याच सांगाड्यावर डोलकाठीचा खालचा भाग बदलून सुमारे ७.१, ५.८ किंवा ४.७ चौरस मीटरचे शीड लावता येते. तरुणपणी मोठे शीड वापरलेल्या माणसाला लहान शीड घेणे कमीपणाचे वाटते, हे मी जवळून पाहिले आहे; तरीही माझा सल्ला स्पष्ट आहे, की पासष्ट-सत्तर किलो वजनाच्या ज्येष्ठाने मधल्या शिडाने सुरुवात करावी आणि वारा वाढणाऱ्या दिवसांसाठी लहान शीड जवळ ठेवावे.

लेझरची खोट म्हणजे तिचा बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, फार खाली असतो, त्यामुळे बाजू बदलताना जवळजवळ दुमडून आत सरकावे लागते, आणि वारा वाढला की पट्ट्यात पाय अडकवून बाहेर झुकताना गुडघे, मांड्या व कंबर यांवर सतत ताण येतो. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी १९५६ च्या सुमारास जॅक होल्ट यांनी आखलेली सोलो मिळते का ते पाहावे. ब्रिटनमध्ये ती ज्येष्ठांची आवडती होडी आहे. तिचे काठ बसायला रुंद असतात आणि तिची मधली फळी, म्हणजे सेंटरबोर्ड, खिळीवर फिरणारी असल्याने चिखलाला लागताच आपोआप वर उचलली जाते, तर लेझरचा सरळ खाली खुपसलेला डॅगरबोर्ड होडीला जागच्या जागी अडवतो. अडचण एवढीच, की ती इथे सहजी मिळत नाही. आरएस एअरो या एकट्याच्या डिंगीचा सांगाडा अवघा ३० किलोचा, उतारावरून ओढायला वरदानच. पण नवी आयात करायची म्हणजे खर्च लाखांत जातो. क्लबांमधून दिसणारी एंटरप्राइज ऐसपैस आणि स्थिर आहे, मात्र ती दोघांची होडी असून किनाऱ्यावर तिला हलवायला दुसरा माणूस लागतोच.

जुनी लेझर घेताना डोलकाठी बसते ते भोक आधी तपासावे. त्यात काठोकाठ पाणी भरून दहा मिनिटे थांबावे. पातळी उतरली तर पाणी सांगाड्याच्या आत झिरपत आहे, आणि अशी होडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. मग डेकवर तळवा दाबत फिरवावा. तळव्याखाली भाग दबत असेल, तर आतला फोम सुटलेला असतो. निचऱ्याची बूच काढून होडी तिरपी करावी आणि आतून किती पाणी येते ते पाहावे. डोलकाठीच्या जोडापाशी रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसली, तर खाऱ्या पाण्याने धातू खाल्ला आहे असे समजावे. शीड फिकट आणि मऊ पडलेले असेल तरी चालते, कारण आपल्याला शर्यत जिंकायची नाही.

होडीच्या किमतीइतकेच महत्त्व ती ठेवण्याच्या जागेला आणि चांगल्या चाकांच्या ट्रॉलीला द्यावे. वाशी-ऐरोलीच्या बाजूची खाडी घरापासून जवळ असली, तरी तिचा मोठा भाग २०१५ मध्ये घोषित झालेल्या फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, आणि ओहोटीला तिथे गुडघाभर चिखल उघडा पडतो. म्हणून बंदरातल्या एखाद्या क्लबमध्ये जागा घेणे शहाणपणाचे, मग मासिक शुल्क भरावे लागले तरी हरकत नाही.

शेवटी चाचणीचा दिवस. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथे फार उपयोगी पडतो. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे संध्याकाळी परतताना उधाणाची ओहोटी आणि लांबच लांब चिखल. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते, भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराचे, पाणी असल्याने प्रवाह मंद असतो, आणि दुपारी सुटलेल्या खाऱ्या वाऱ्यावर फिरून आल्यावर होडी थेट धक्क्याच्या उतारापर्यंत तरंगत येते. विक्रेत्याला हिवाळ्यातल्या अशाच अष्टमीची दुपार मागावी, किनाऱ्यावर एक माणूस उभा ठेवून, जीवरक्षक जाकीट घालून होडी तीनदा उलटवावी, आणि तिन्ही वेळा स्वतःच्या बळावर आत चढता आले तरच पैसे मोजावेत.