महागड्या परफ्यूमची तुलना कशी शिकावी: खान्देशातल्या नवख्यांसाठी

रोशा गवत चुरगाळून वास घेतला असेल, तर गुलाबाच्या परफ्यूमचा निम्मा अभ्यास आधीच झालेला आहे. एकेकाळी नंदुरबार-पिंपळनेरच्या डोंगरपट्ट्यात या गवताचं तेल भट्ट्या लावून काढत. मुंबई बंदरातून ते अरबस्तान-तुर्कस्तानाकडे जाई आणि तिथे गुलाबाच्या तेलात मिसळलं जाई. मिसळ खपून जाई, कारण रोशाच्या तेलात साधारण पाऊण हिस्सा जिरॅनिऑल हे सुगंधी रसायन असतं आणि गुलाबाच्या तेलातही जिरॅनिऑल हा एक मुख्य घटक आहे. बाजारात हे तेल आज ‘पामारोझा’ नावाने मिळतं. दहा मिलीची बाटली घ्या. कुठल्याही भारी गुलाबाच्या परफ्यूमशेजारी या तेलात टोक बुडवलेली कागदी पट्टी धरली की गुलाबाचा हिरवट, गवती भाग कुठे संपतो आणि मधासारखा गोड भाग कुठून सुरू होतो ते वेगळं दिसायला लागतं.

नवखा माणूस उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी कंपनीच्या पानावरची वर्णनं पाठ करतो: बर्गमॉट (एक लिंबूवर्गी फळ), टोंका, व्हेटिव्हर, इलांग-इलांग. मग बाटलीत तेच शोधत बसतो आणि सापडल्यासारखंही वाटतं, कारण वाचलेलं नाकात उतरतं. त्यापेक्षा पहिले दोन आठवडे परफ्यूमला हात लावू नका. घरातल्या वासांच्या आठ-दहा लहान काचेच्या बाटल्या भरा. चुरडलेले धणे ठेवा. धण्यांच्या तेलात बराचसा भाग लिनालूल या सुगंधी रसायनाचा असतो, आणि बर्गमॉट-लॅव्हेंडरची टवटवीही मोठ्या प्रमाणात त्याचीच. पिकून काळे ठिपके पडलेल्या केळ्याची साल ठेवा. रावेर-सावद्याच्या माणसाला केळी पिकवायच्या खोलीचा वास वेगळा सांगायला नको, आणि इलांग-इलांगच्या फुलात त्याच वासाची एक छटा असते. व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळा, कूलरच्या ताटीतला. टोंकाच्या बीमध्ये कुमारिन असतं, त्याचा वास उन्हात अर्धवट वाळलेल्या गवताच्या जवळचा. पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याची करपलेली साल चमड्याच्या परफ्यूममधला धूर ओळखायला पुरते. रोज सकाळी डोळे मिटून पाच बाटल्या ओळखायच्या. केळ्याची साल दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर आंबूसपणाच पाठ होईल.

त्यानंतर परफ्यूम. एका वेळी तीन घ्या, आणि तिन्ही शक्यतो एकाच मालिकेतले, एकाच तीव्रतेचे, एकाच हातचे. तीन वेगळ्या घराण्यांचे तीन परफ्यूम शेजारी ठेवले तर फरक इतका ढळढळीत असतो की त्यातून काही शिकायला मिळत नाही. एर्मेस या फ्रेंच घराची ‘जार्दाँ’ मालिका सुरुवातीला बरी. तिच्यातले पहिले पाच परफ्यूम ज्याँ-क्लोद एलेना या एकाच परफ्यूमकाराचे आहेत. २००५ चा ‘अँ जार्दाँ सुर ल नील’ कैरीभोवती बांधलेला आहे आणि २००८ च्या ‘आप्रे ला मूसाँ’ला केरळच्या पावसाचा संदर्भ आहे. कैरीचा वास कसा असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पॅरिसच्या माणसाला हा फायदा नाही. त्याच घराची ‘एर्मेसांस’ ही वरची मालिका २००४ मध्ये आली. तिच्यातला ‘व्हेटिव्हेर टोंका’ घ्या आणि बाजारातून आणलेल्या वाळ्याच्या मुळांच्या जुडीशेजारी ठेवून पाहा. मुळांना माती, ओल आणि किंचित कडवट धूर असतो. परफ्यूममध्ये हा धूर बराच खाली गेलेला असतो आणि त्या जागी भाजलेल्या सुक्यामेव्यासारखी गोडी येते. काय काढलं आणि काय घातलं, हे शब्दांत मांडता येणं म्हणजे तुलना.

तीव्रतेचा फरक समजून घ्यायला शनेल नंबर ५ इतका सोयीचा नमुना दुसरा नाही. मूळ एक्स्त्रे, म्हणजे सर्वांत तीव्र प्रकार, १९२१ चा, अर्नेस्ट बो यांचा. ओ द पार्फ्युम १९८६ चा, जाक पोल्झ यांचा. ‘लो’ हा हलका अवतार २०१६ चा, ऑलिव्हिए पोल्झ यांचा. बाटलीवर नाव एकच असलं तरी हे एकच पाणी कमी-जास्त पातळ केलेलं नाही, प्रत्येकाची घडण वेगळी आहे. ढोबळ हिशेबाने ओ द तुआलेतमध्ये ५ ते १५ टक्के सुगंधी अर्क असतो, ओ द पार्फ्युममध्ये १५ ते २० आणि एक्स्त्रेमध्ये २० ते ३०. हे आकडे कायद्याने बांधलेले नाहीत, त्यामुळे टक्केवारीवरून दर्जा ठरवू नका. लिंबूवर्गी परफ्यूम २५ टक्क्यांचा केला तरी त्यातलं लिंबू फार वेळ थांबत नाही. ते उडूनच जाणार.

आता प्रत्यक्ष बैठक. पट्ट्या विकत मिळतात, पण चित्रकलेचा कार्ट्रिज पेपरही चालतो. ए४ कागदाचे आडवे दोन भाग करून ७ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या की एका कागदात ६० होतात. चकचकीत कागद नको. त्यावर थेंब पसरून बसतो, आत मुरत नाही. पट्टीवर नाव आणि वेळ आधी लिहा, तेही पेन्सिलने. पेनची शाई अल्कोहोल लागलं की पसरते, आणि तिलाही स्वतःचा वास असतो. पट्टीचं टोक एक सेंटिमीटर बुडवा, किंवा ठरलेल्या अंतरावरून एकच फवारा मारा. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली परफ्यूम येतो, म्हणजे २ मिलीच्या नमुन्यात वीसेक फवारे. भिजलेलं टोक थोडं वर मोडा, म्हणजे ते टेबलाला टेकणार नाही. पंधरा सेकंद थांबून अल्कोहोल उडू द्या. मग नाकापासून बोटभर अंतरावर धरून दोन-तीन छोटे श्वास घ्या. लांब दम भरून ओढू नका आणि पट्टी नाकाला लावू नका. एकदा नाकाच्या शेंड्याला लागला की पुढचे सगळे परफ्यूम सारखेच वाटतात.

परफ्यूम टप्प्याटप्प्याने उलगडतो: आधी वरचा हलका वास, मग मधला, शेवटी तळ. म्हणून वेळा ठरलेल्या हव्यात: १ मिनिट, १५ मिनिटं, १ तास, ३ तास, ६ तास आणि दुसऱ्या दिवशी सकाळ. वहीत प्रत्येक वेळेला एक ओळ, आणि ती स्वतःच्या शब्दांत. ‘फ्रेश’, ‘क्लासी’, ‘रिच’ हे शब्द वहीतून हद्दपार करा, त्यांतून महिन्याभराने काहीच आठवत नाही. ‘विझवलेल्या मेणबत्तीचा, मग इस्त्रीच्या गरम कापडाचा’ अशी ओळ लिहिली तर नंबर ५ मधली आल्डिहाइड नावाची सुगंधी रसायनं पुन्हा कुठेही भेटले की सापडतात.

एका बैठकीत पट्टीवर जास्तीत जास्त पाच, अंगावर दोन: एका मनगटाला एक. मनगटं एकमेकांवर घासायची सवय सोडा. घासल्याने ऊब वाढते आणि वरचा हलका वास लवकर उडतो. नाक थकलं की कॉफीच्या बिया हुंगायची दुकानांतली पद्धत आहे, पण मोकळी हवा तेच काम करते. नाहीतर स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगा. ती तुमची शून्य खूण.

खान्देशात मुख्य अडचण हवेची. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो आणि हवा कोरडीठक्क असते. पट्टीवरचं बर्गमॉट पाच-सात मिनिटांत नाहीसं होतं, मधला फुलांचा भाग घाईत उरकतो आणि तासाभरात फक्त लाकूड आणि कस्तुरी उरते. नवखा लिहितो, ‘परफ्यूम सपाट आहे.’ परफ्यूम सपाट नसतो, खोली तापलेली असते. उन्हाळ्यात पहाटे सहाच्या आत बैठक घ्या. शिकायला खरी वेळ मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कूलरसमोर तर अजिबात बसू नका: वारा पट्टी सुकवतो, आणि ताटीतला वाळा तुमच्या प्रत्येक परफ्यूममध्ये व्हेटिव्हर घालतो. फोडणी, उदबत्ती, डोक्याचं तेल, सुगंधी साबण, तपकीर यांचंही तसंच. बैठकीआधी हात नुसत्या पाण्याने धुवा. कोरड्या त्वचेवर परफ्यूम कमी टिकतो. लावण्याआधी वास नसलेलं पेट्रोलियम जेली बोटभर चोळलं तर फरक दिसतो. पण तुलना करताना दोन्ही मनगटांना सारखंच लावा, नाहीतर जेलीची परीक्षा होईल.

‘दोन तासांत गेला’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि बहुतेकदा चुकीची असते. सततचा वास नाक काही वेळाने नोंदवणं सोडून देतं. घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा, किंवा अंगण फिरून या आणि मग हुंगा. शिवाय काही लोकांना काही कस्तुरी रसायनं मुळातच येत नाहीत. गॅलॅक्सोलाइड हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. यात शरमेचं काही नाही, पण आपल्याला काय येत नाही हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेलं असावं.

आपण खरंच ओळखतो आहोत की नावामुळे वाटतंय, हे तपासायला त्रिकोणी चाचणी घ्या. घरातल्या कुणाला तरी तीन पट्ट्या करायला सांगा, दोन एका परफ्यूमच्या आणि एक दुसऱ्याची, फक्त क्रमांक टाकून. वेगळी कोणती ते सांगायचं. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून सहा वेळा करा. सहापैकी पाच बरोबर आले तर नाक काम करतंय असं समजायला हरकत नाही. तीन आले तर ते नशीब.

सगळी मालिका एकत्र हुंगायला मात्र मुंबई गाठावी लागते. जळगावहून ती सव्वाचारशे किलोमीटर, म्हणजे दिवस नीट वापरायला हवा. सोबत स्वतःच्या पट्ट्या आणि घट्ट झाकणाच्या दहा बारीक काचेच्या नळ्या घ्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून वास आरपार जातो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पट्ट्यांचा एकच काला होतो. दुकानात विक्रेता सवयीने मनगट मागेल, तेव्हा ‘आधी पट्टीवर द्या’ असं सरळ सांगा. क्रम हलक्याकडून जडाकडे: लिंबूवर्गी, फुलं, लाकूड, शेवटी अंबर (राळेसारखा गोड, जड वास) आणि ऊद (अगरूचं लाकूड). ऊद एकदा अंगावर आला की त्या दुपारी लिंबाचं काही खरं नाही. पाच पट्ट्यांवर थांबा, त्यातल्या आवडलेल्या दोन निघताना मनगटांवर घ्या. दुपारी चारला लावलेला परफ्यूम परतीच्या गाडीत इगतपुरीला मधल्या टप्प्यात असतो आणि मनमाड येईतो तळाशी पोचलेला असतो. वातानुकूलित डब्यात हा प्रवास संथ होतो, खिडकीच्या वाऱ्यात झटपट. वहीत डबाही लिहा. त्याच दिवशी खरेदी करू नका. मुंबईच्या दमट हवेत जे फुललं ते धुळ्यात तसंच फुलेल असं नाही. २ मिलीचा नमुना मिळाला तर तो आणा आणि घरी पुन्हा बैठक घ्या.

ऑनलाइन छोट्या बाटल्यांत काढून विकलेला परफ्यूम म्हणजे डिकँट. मिलीमागे तो महाग पडतो, तरी वीस-तीस हजारांच्या बाटलीपेक्षा शिकायला हाच परवडतो. धोका भेसळीचा. पहिल्यांदा असा परफ्यूम मागवा जो तुम्ही दुकानात हुंगलेला आहे आणि ज्याची तुमच्या वहीत नोंद आहे. नोंदीशी जुळला तर पुढचे मागवा. ‘फर्स्ट कॉपी’वर नाक तयार करू नका: पहिली दहा मिनिटं त्या हुबेहूब वठवतात, तळ मात्र वेगळाच निघतो.

नमुने खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवले तर एका उन्हाळ्यात लिंबूवर्गी भाग आंबट-वार्निशसारखा होतो. आतल्या खोलीतल्या कपाटात, स्टीलच्या डब्यात ठेवा. फ्रिजही चालतो, पण डबा घट्ट हवा. नाहीतर लोण्याला गुलाब लागतो आणि घरचे तुमचा अभ्यास बंद पाडतात.

यातून काम काय मिळतं, तर परफ्यूमकार होणं हा सर्वांत लांबचा रस्ता. त्याआधीची कामं जास्त आहेत: सुगंध कंपन्यांतला इव्हॅल्युएटर, जो परफ्यूमकाराचे नमुने हुंगून ग्राहकाच्या मागणीशी ताडून पाहतो, साबण, उदबत्ती, डिटर्जंटमध्ये सुगंध टिकतो का हे पाहणारी अ‍ॅप्लिकेशन लॅब, गुणवत्ता तपासणी, आणि भारी दुकानांतले सल्लागार. पगार आणि जागा दोन्ही बघता रसायनशास्त्राच्या बी.एस्सी.वाल्याने उदबत्ती-साबणाकडे नाक मुरडू नये. शिक्षणासाठी माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत परफ्यूमरी आणि फ्लेवरचा एम.टेक. आहे, मुलुंडच्या वझे महाविद्यालयात परफ्यूमरी आणि कॉस्मेटिक्सची पदव्युत्तर पदविका आहे. कन्नौजचं सुगंध आणि सुरस विकास केंद्र १९९१ पासून आहे, तिथे छोटे अभ्यासक्रम चालतात. तांब्याच्या देग-भपक्याच्या जुन्या भट्टीवर अत्तर काढताना बघायचं असेल तर तिथेच जावं.

मुलाखतीत बहुधा नाव न सांगता पट्ट्या हातात देतात आणि वर्णन विचारतात. ब्रँड ओळखायची घाई करू नका. आधी वासाचं कुटुंब सांगा (लिंबूवर्गी, फुलं, लाकूड की अंबर), मग तीव्रता, मग आता वास कोणत्या टप्प्यात आहे ते, आणि शेवटी नेमकी तुलना: ‘वाळा आहे, पण मुळासारखा ओला नाही, वाळलेल्या गवताची गोडी वर आहे.’ पट्टी किती वेळापूर्वी भिजवली आहे हे विचारायला कचरू नका. समोरचा माणूस ते विचारण्याचीच वाट पाहत असतो.