पावसाळ्यात सीपॅप बंद पडू देऊ नका

घोरता घोरता माणूस एकदम गप्प होतो. छाती-पोट हलत असतं, पण घसा मिटल्यामुळे हवा आत जात नाही. असं निदान १० सेकंद झालं की तो एक ॲप्निया. दर वेळी रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि घसा उघडायला मेंदूला अर्धवट जागं व्हावं लागतं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर स्मरणशक्तीशी जोडलेला हिप्पोकॅम्पस आणि मेंदूचा पुढचा भाग यांत बदल झालेले एमआरआयमध्ये दिसतात. दिलाशाची गोष्ट म्हणजे सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं मशीन, नियमित वापरणाऱ्यांत यातले काही बदल भरून आल्याचं आढळलं आहे. रोज ४ तास हा अगदी किमान हिशोब. मध्यरात्री मास्क काढून ठेवू नका, कारण स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि घसा तेव्हाच सगळ्यात सैल पडतो.

कोकणात जून ते सप्टेंबर दोन शत्रू: लाइट आणि ओल.

लाइट गेली की आधी ह्युमिडिफायर (हवेत ओलावा घालणारी मशीनची पाण्याची टाकी) आणि गरम नळी बंद करा. सगळ्यात जास्त वीज तीच खातात. मग साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि धड असलेली १५० एएचची बॅटरी यांवर मशीन आणि एक पंखा रात्रभर चालतो.

टाकीत डिस्टिल्ड पाणीच घाला, तेही मेडिकलमधून आणलेलं. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचे क्षार तळाला बसतात. बॅटरीत घालायचं पाणी तर नकोच. सकाळी उरलेलं ओतून टाका, त्यात भर घालू नका. हवा इतकी दमट असताना नाक कोरडं पडत नसेल तर ह्युमिडिफायर कमीवर ठेवा. एसीच्या खोलीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो, थेंब नाकावर उडतात. अशा वेळी मशीन उशीपेक्षा खाली ठेवा आणि नळी गोधडीखालून घ्या.

मास्कची गादी रोज सकाळी ओल्या कपड्याने पुसा. चेहऱ्याचं तेल राहिलं की मास्क घसरतो, हवा गळते, आणि लोक पट्टे आवळून गालांवर वळ उठवून घेतात. नळी आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. पावसात ती नुसती टांगून सुकत नाही, बुरशी धरते. पंख्याखाली निथळू द्या, मग मास्क न लावता, टाकी रिकामी ठेवून मशीन १५ मिनिटं चालवा. पांढरा पातळ फिल्टर धुवायचा नसतो. काळवंडला किंवा ओलसर लागला की बदला. मशीन पाझरणाऱ्या भिंतीला टेकवू नका.

एवढं करूनही दिवसा पेंग येत असेल तर घाटात गाडी चालवू नका. मशीनमधलं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा; हवेची गळती किती आणि तासाला श्वास किती वेळा अडतो, हे त्यात नोंदलेलं असतं. दाब मात्र स्वतःहून बदलू नका.