लिस्टिंगवर खोटी आयपी तक्रार आली? आधी या चुका टाळा

माल अस्सल आहे, खरेदीची बिलं हातात आहेत, फोटो स्वतः काढलेले आहेत, आणि तरीही ज्या ऑनलाइन मार्केटप्लेसवर तुम्ही विकता त्याचा मेल येतो: बौद्धिक संपदेच्या (आयपी) तक्रारीमुळे तुमचं लिस्टिंग, म्हणजे वस्तूचं विक्रीचं पान, काढण्यात आलं आहे. संताप येणारच. पण त्या संतापात पहिल्या तासाभरात जे उत्तर पाठवलं जातं, त्यानेच पुष्कळदा जिंकण्यासारखं प्रकरण हातचं जातं.

मार्केटप्लेस खरं-खोटं करायला बसलेलं न्यायालय नाही. अमेरिकेतल्या १९९८ च्या डीएमसीए कायद्यानुसार कॉपीराइटची तक्रार आल्यावर मजकूर तातडीने हटवला, तरच प्लॅटफॉर्मला जबाबदारीतून सूट मिळते. म्हणून आधी काढायचं, मग ऐकायचं, अशी रीत पडली. ट्रेडमार्क आणि पेटंटच्या तक्रारींतही साधारण तेच चालतं. प्रतिस्पर्ध्याला खोडसाळपणा करायला एवढी फट पुरते.

सर्वांत महागात पडणारी चूक: तक्रार कशाची आहे हेच न पाहणं

आयपी हा एक शब्द असला तरी त्यात वेगवेगळे हक्क येतात, आणि प्रत्येकाला उत्तर वेगळं लागतं. फोटो चोरल्याची तक्रार असेल तर ती कॉपीराइटची. तिथे खरेदीची बिलं पाठवून काहीही सिद्ध होत नाही. ब्रँडचं नाव किंवा लोगो वापरल्याची तक्रार ट्रेडमार्कची. वस्तूच्या रचनेची किंवा काम करण्याच्या पद्धतीची तक्रार पेटंटची, आणि पेटंटच्या तक्रारीला ‘माझा माल ओरिजिनल आहे’ हे उत्तरच नव्हे. तपासणारा माणूस काही मिनिटांत निर्णय देतो. भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिसलं की अपील फेटाळलं जातं, आणि पुढच्या अपिलाकडे त्याच नजरेने पाहिलं जातं.

म्हणून मेलमधून आधी एवढं टिपून घ्या: तक्रार क्रमांक, हक्काचा प्रकार, नोंदणी क्रमांक, तक्रारदाराचा ईमेल आणि नेमकं कोणतं लिस्टिंग. नोंदणी क्रमांक दिला असेल तर तो सरकारी नोंदवहीत जाऊन बघा. ट्रेडमार्क खरोखर नोंदलेला आहे की नुसता अर्ज केलेला आहे? कोणत्या देशात? कोणत्या वर्गात? ट्रेडमार्कसाठी वस्तू आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग असतात. कपड्यांच्या २५ व्या वर्गातलं नाव पुढे करून कोणी तुमच्या घरगुती भांड्यांवर तक्रार केली असेल, तर तो मुद्दा अपिलात जरूर मांडा. मात्र नाव सर्वदूर प्रसिद्ध असेल तर वर्ग वेगळा आहे एवढ्यावर सुटका होत नाही.

‘परत असं होणार नाही’ हे वाक्य लिहू नका

घाईत लोक इंटरनेटवरचा तयार नमुना उचलतात. त्यात चूक कशामुळे झाली, काय सुधारलं आणि पुढे काय काळजी घेणार अशी मांडणी असते. ज्याच्याकडून खरंच चूक झाली, त्याच्यासाठी ते ठीक. खोट्या तक्रारीत मात्र ही लेखी कबुली ठरते, आणि ती तुमच्या अकाउंटच्या नोंदीत राहते. तुम्ही निर्दोष असाल तर पहिल्याच ओळीत तसं स्पष्ट लिहा: तक्रार चुकीची आहे, कारण हे, पुरावा सोबत जोडला आहे. चार परिच्छेदांत मावेल इतकंच. धंद्याचं किती नुकसान झालं, घरच्यांना किती त्रास झाला, हे सगळं खरं असलं तरी तिथे उपयोगाचं नाही.

बिलांवरची किंमत झाकायला हरकत नसते, पण तारीख, नाव, संख्या यांत काडीचाही फेरफार करू नका. बनावट कागद सापडला की मूळ तक्रार खोटी असूनही अकाउंट जातं. प्रोफॉर्मा इनव्हॉइस (विक्रीआधी दिलं जाणारं कच्चं बिल) किंवा किरकोळ दुकानाची पावती सहसा धरली जात नाही. पुरवठादाराचं नाव, पत्ता आणि संपर्क असलेलं पक्कं बिल हवं.

लिस्टिंग डिलीट करणं आणि नवं अकाउंट उघडणं

लिस्टिंग डिलीट केल्याने तक्रार मिटत नाही, उलट ते पान कसं होतं याचा तुमच्याकडचा पुरावा जातो. स्क्रीनशॉट काढून ठेवा. नवं अकाउंट उघडून तोच माल लावणं तर बंदी चुकवण्यात मोडतं. मग खरं प्रकरण बाजूलाच राहतं.

फोटो तुमचे असतील तर

कॉपीराइटच्या बाबतीत डीएमसीए विक्रेत्याला काउंटर नोटीसचा, म्हणजे हटवलेला मजकूर परत लावण्याची रीतसर मागणी करण्याचा, हक्क देतो. ट्रेडमार्क आणि पेटंटला ही तरतूद लागू नाही, त्यामुळे तिथे काउंटर नोटीस पाठवून वेळ घालवू नका. नोटिशीत काय हटवलं आणि ते कुठे होतं, ते चुकून हटवलं गेल्याचं शपथेवरचं विधान, नाव, पत्ता, फोन, अमेरिकेच्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य असल्याची संमती आणि सही लागते. ही माहिती तक्रारदाराकडे जाते, हे लक्षात असू द्या. त्याने दावा दाखल केला नाही, तर कामकाजाच्या १० ते १४ दिवसांत मजकूर परत लावायचा असतो. याच कायद्याचं कलम ५१२(एफ) जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्याला नुकसानभरपाईला जबाबदार धरतं, आणि ते दोन्ही बाजूंना लागू आहे.

पुरावा म्हणून कॅमेऱ्यातली मूळ फाइल ठेवा, संकुचित केलेली नव्हे. मूळ फाइलमध्ये तारीख आणि कॅमेऱ्याची माहिती असते. त्याच सेशनमधले न वापरलेले फोटो त्याहून बोलके असतात, कारण चोराकडे ते असूच शकत नाहीत. तक्रारदाराने स्वतःची वेबसाइट पुरावा म्हणून दिली असेल, तर तिचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) कधी नोंदलं गेलं ते तपासा. अॅमेझॉनने २०२३ मध्ये खोट्या तक्रारी करणाऱ्यांविरुद्ध दावे दाखल केले. त्यात लिस्टिंगवरून फोटो उचलून तात्पुरत्या वेबसाइट उभ्या करायच्या आणि त्याच पुरावा म्हणून दाखवायच्या, असा प्रकार समोर आला होता.

‘आम्ही तुम्हाला परवानगी दिली नाही’

ब्रँड असं म्हणाला, तरी अधिकृत वितरक नसणं म्हणजे नक्कल विकणं नव्हे. अस्सल वस्तू एकदा कायदेशीर विकली गेली की ती पुढे विकायला पुष्कळ देशांत मुभा आहे. वितरणाचे करार हा ब्रँड आणि त्याच्या वितरकांमधला मामला. पण इथे विक्रेतेही एक गफलत करतात. वॉरंटी लागू नसताना माल ‘नवा, वॉरंटीसह’ म्हणून लावला, किंवा पॅकिंग बदललं, तर माल वेगळा ठरतो आणि तक्रारीला बळ मिळतं. सुटे भाग विकताना ‘अमुक मॉडेलसाठी चालेल’ असं लिहा. ब्रँडचं नाव शीर्षकाच्या सुरुवातीला किंवा लोगो फोटोत नको.

पेटंटच्या तक्रारीत मात्र स्वतः वकिली करू नका. आधी पेटंट चालू आहे का, फी न भरल्याने संपलं आहे का, हे बघा. पेटंटमधल्या निदान एका दाव्यातला (क्लेम, म्हणजे पेटंटने नेमका कशावर हक्क सांगितला ते वर्णन) प्रत्येक घटक तुमच्या वस्तूत असेल तरच उल्लंघन होतं. एक घटक नसेल तर मुद्दा तुमच्या बाजूचा असतो. तो पेटंट वकिलाकडून लिहून घ्या.

तक्रारदाराला पत्र लिहिताना धमकी देऊ नका. पुरावा जोडा, ठरावीक मुदत द्या आणि तक्रार मागे घ्यायला सांगा. माघार प्लॅटफॉर्मकडे, ज्या ईमेलवरून तक्रार आली त्याच ईमेलवरून, तक्रार क्रमांकासह जायला हवी, नाहीतर ती ग्राह्य धरली जात नाही. माघार घेण्यासाठी तक्रारदाराने पैसे मागितले तर तो मेल जपून ठेवा आणि प्लॅटफॉर्मला पाठवा. भारत, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात हक्कभंगाच्या नावाखाली दिलेल्या निराधार धमक्यांविरुद्ध न्यायालयात जाण्याची तरतूदही आहे.

लिस्टिंग परत आलं की अकाउंटच्या नोंदीत जाऊन तक्रार खरंच काढली आहे का ते बघा. पान दिसू लागतं, पण नोंद तशीच राहते, असं होतं. ती काढून घ्या आणि निकालाचा मेल तक्रार क्रमांकासह साठवा. तोच माणूस पुन्हा तक्रार करेल तेव्हा अपिलाची पहिली ओळ तिथूनच लिहायची आहे.