शाळूचं रान, भिंतीवरच्या वाकळेत

आईच्या एका वाकळेत, म्हणजे गोधडीत, आम्ही तिघं भावंडं झोपायचो. मी शिवते ती भिंतीवर टांगायची: १२ इंच रुंद, १६ इंच उंच. चित्र जानेवारी संपतानाचं, मंगळवेढ्याकडच्या शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, रानाचं.

कापड जुनं आणि सुतीच घ्या. पहिल्या खेपेला मी जमिनीसाठी कोरं काळं पॉपलीन आणलं. वाकळ धुतली आणि काळा रंग आभाळात उतरला. न उतरता तरी ते चुकलंच होतं. आपली काळी माती पावसाळ्यात काळी. जानेवारीत वाळून राखाडी पडते, भेगाळते. त्याला विटलेला काळा परकरच हवा. नवं वापरायचंच तर पाणी निवळ येईस्तोवर आधी धुऊन काढा.

खाली अस्तर, मध्ये जुन्या धोतराचे दोन पदर, वर चित्र. आधी आभाळ टाचा. उंचीच्या तीन हिश्शांतले दोन त्यालाच द्या, मध्ये यायला आपल्याकडं डोंगर थोडेच आहेत! मग जमिनीची कड दुमडून आभाळावर अर्धा इंच चढवा.

खरी गंमत कणसांत. सोलापुरात टॉवेलच्या कातरणांना काय तोटा? टर्किश टॉवेलचा तो दाणेदार पोत म्हणजे भरलेलं कणीसच. पण कापला की लगेच सुटतो. म्हणून आधी कणसाच्या आकाराची दाट शिलाई मारा, मग तिच्या बाहेरून कापा. बोटाच्या पेराएवढं पुरे. काही तुकडे चहाच्या पाण्यात बुडवा, एखाद-दुसरं पोपटी असू द्या, हुरड्याचं राहिलेलं. धाटाला हिरवा साखळीटाका.

आता धावदोरा. आभाळात आडवा. जमिनीत मात्र पेरणीच्या तासांसारखा: खाली फाकलेला, वर जवळ येत गेलेला. रान लांबवर गेलेलं दिसतं ते त्यामुळंच. आई कडेनं शिवत आत जायची. एवढ्याशा तुकड्याला मी मधून बाहेर जाते, नाहीतर मध्ये झोळ साठतो.

काठाला सोलापुरी चादरीची पट्टी लावायचा मोह होईल. मी लावली होती. कोपऱ्यावर चार पदर आले आणि दोन सुया मोडल्या. जुन्या इरकलीचा काठ बरा.

मागं वरच्या बाजूला नेफा शिवून त्यात काठी घाला. हौसेनं कडब्याचं धाट घातलं होतं, आठवड्यात वाकलं. आता बांबूची कामटी असते.