वणव्यानंतर मदतीला जाताना: आधी नोंद, मग साफसफाई

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी किंवा भीमगड अभयारण्यालगतच्या गावांत वणव्याने काजूच्या बागा, गवताच्या गंज्या अथवा गोठे जळाले असतील, तर मदतीला जाणाऱ्या स्वयंसेवकांनी राखेला हात लावण्यापूर्वी प्रत्येक नुकसानीची छायाचित्रे काढावीत आणि पंचनामा होईपर्यंत जागा शक्यतो तशीच ठेवावी. उत्साहाच्या भरात केलेली साफसफाई शेतकऱ्याचा पुरावाच पुसून टाकते. सरकारी कामकाज प्रामुख्याने कन्नडमध्ये चालत असल्याने, कन्नड उत्तम लिहिणारा एक जण सोबत असणे मला फावड्याइतकेच महत्त्वाचे वाटते. नुकसानभरपाईचा अर्ज लिहून झाल्यावर तो शेतकऱ्याला मराठीत वाचून दाखवावा आणि पोचपावती अवश्य घ्यावी.

जमिनीखालची मुळे कित्येक दिवस धुमसत राहू शकतात, म्हणून जाड तळाचे बूट, सुती कपडे आणि एन-९५ मास्क घालावा, तसेच राख उडू नये म्हणून ती आधी भिजवावी. पोळलेल्या काजूवर लगेच कुऱ्हाड चालवू नये. साल नखाने खरवडल्यावर आत हिरवा थर दिसला, तर ते झाड पावसाळ्यात पुन्हा फुटण्याची आशा असते.

उघड्या पडलेल्या उतारावरची माती जूनच्या पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते; त्याआधी उताराला आडवे दगडी बांध घालावेत. पुढच्या हंगामासाठी गावाभोवतीच्या जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) जानेवारीतच वनखात्याला कळवून स्वच्छ कराव्यात आणि गंज्या घरापासून दूर रचाव्यात.