धरणातील मासे विकताना भाव कसा ठरवावा

राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी या धरणांत किंवा पंचगंगेच्या पात्रात जाळे टाकणाऱ्या लहान मच्छीमाराचा माल थोडा आणि नाशवंत असतो. तो त्याच दिवशी विकावा लागणार, हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असल्यामुळे काठावरचा भाव बहुधा तोच सांगतो. म्हणून सौद्याला उभे राहण्यापूर्वी आपला किमान भाव वहीत मांडलेला असावा.

समजा, दोघांना मिळून 20 किलो मासळी सापडली. दोघांची मजुरी 1,000 रुपये, पेट्रोल 250, बर्फ 200 आणि जाळ्याची झीज 150, असा खर्च 1,600 रुपये होतो. किलोला 80 रुपये पडले असे वाटते. पण फुटलेली, अगदी बारीक आणि घरी ठेवलेली मासळी वजा जाता 16 किलोच विकली गेली, तर खरा पडता भाव 100 रुपये असतो. ठेक्याची किंवा संस्थेची रक्कम द्यावी लागत असेल, तर तीही यात धरावी.

सगळा माल एकाच पाटीत देऊ नये, कारण मोठा कटला स्वस्त चिलापीच्या (तिलापिया) भावात जातो. जात आणि आकार पाहून वेगळे ढीग करावेत. मरळ हवेतूनही श्वास घेत असल्यामुळे ओल्या टपात बराच वेळ जिवंत राहते आणि जिवंत मरळीला गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते. बाकी मासळी जाळ्यातून निघताच फोडलेल्या बर्फात थर देऊन ठेवावी. उन्हाळ्यात जेवढी मासळी तेवढाच बर्फ लागतो आणि वितळलेले पाणी पेटीतून वाहून जावे लागते. गिऱ्हाईक आधी कल्ला उचलून पाहते, आणि तो लाल असेल तरच पुढचे बोलणे होते.

वजन आपल्यासमोर, वैधमापन विभागाची मुद्रा असलेल्या काट्यावरच व्हावे. कडता, म्हणजे वजनातून करायची वजावट, किती धरणार, हे पाटी काट्यावर ठेवण्यापूर्वी ठरवावे. साफ करून विकताना किलोमागे 250 ग्रॅम जात असतील, तर अख्ख्या मासळीचा 150 रुपये भाव साफ केलेल्या मासळीला 200 होतो.

सर्वांत जास्त नुकसान उचलीने, म्हणजे व्यापाऱ्याकडून आगाऊ घेतलेल्या पैशाने होते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. जाळ्यासाठी 10,000 रुपये उचल घेतली आणि त्यापोटी व्यापाऱ्याला किलोमागे 20 रुपये कमी भावाने माल देण्याचे ठरले, तर रोजच्या 15 किलोंवर 300 रुपये जातात. महिन्यात 25 दिवस धरले तरी 7,500 रुपये गेले, आणि मुद्दल तसेच उभे राहिले. किसान क्रेडिट कार्डाची सोय 2018-19 पासून मच्छीमारांनाही आहे. उचलीला हात लावण्याआधी बँकेत किंवा मच्छीमार संस्थेत त्याची चौकशी अवश्य करावी.

कोल्हापुरात रविवार, बुधवार आणि शुक्रवारी मागणी असते, तर सोमवार, गुरुवार, शनिवार आणि एकादशीला ती बसते. श्रावणात तर ती फारच घटते, म्हणून त्या काळात आधी फोनवर मागणी घेऊन तेवढीच जाळी टाकावीत. 1 जूनपासून यांत्रिक नौकांच्या समुद्रातील मासेमारीला पावसाळी बंदी लागते आणि घाटाखालून येणारी मासळी कमी होते; श्रावणापूर्वीच्या त्या आठवड्यांत नेहमीच्या भावावर समाधान मानू नये. मात्र हाच कटला-रोहूच्या विणीचा काळ असल्यामुळे अंड्यांनी भरलेली मादी जिवंत सापडल्यास ती पाण्यात परत सोडावी.